पत्रिका पोहोचल्या, पण उत्तरे येत नाहीत: लग्नाच्या पाहुण्यांची मोजदाद कशी करावी?

प्रश्न: वधूपक्ष, इंदूर

सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात इंदूरला आहे. गुरुवारी संध्याकाळी सीमांतपूजन, शुक्रवारी सकाळी मुहूर्त व त्यानंतर पंगत, आणि त्याच दिवशी संध्याकाळी गावातल्या मंडळींसाठी स्वागत समारंभ असा बेत ठरला आहे. व्याही नाशिकचे आहेत. आमचे स्वतःचे आप्त पुणे, ठाणे, नागपूर, बडोदे आणि ग्वाल्हेर येथे विखुरलेले आहेत, तर इंदुरातल्या निमंत्रितांमध्ये मराठी घरांबरोबर हिंदी भाषक शेजारी, यजमानांच्या कार्यालयातील सहकारी आणि सासऱ्यांच्या काळापासून घरोबा असलेली काही जैन कुटुंबे आहेत.

पत्रिका वाटून झाल्या आहेत, परंतु नक्की किती माणसे येणार हे मला आजही सांगता येत नाही. केटरर पानांचा आकडा मागत आहेत, मॅरेज गार्डनचे व्यवस्थापक खोल्यांचा आकडा मागत आहेत, आणि ज्यांना विचारावे ते “अहो, घरचेच कार्य आहे, विचारता काय!” असे प्रेमाने म्हणून विषय बदलतात. दुसरा एक वर्ग “बघू कसे जमते ते” असे म्हणतो. तिसरा वर्ग व्हॉट्सॲपवरील पत्रिकेखाली अंगठ्याचे किंवा हात जोडल्याचे चिन्ह पाठवतो, ज्याचा अर्थ पत्रिका मिळाली असा घ्यावा की येतो असा घ्यावा हे कळत नाही. येणार नाही असे स्पष्टपणे अद्याप एकाही घराने कळवलेले नाही, आणि सगळेच येणार आहेत यावर माझा विश्वास नाही.

भाच्याने गूगल फॉर्म तयार करून नातेवाइकांच्या गटावर टाकला होता. तरुण मंडळींनी तो भरला, मात्र ज्येष्ठांपैकी बहुतेकांनी तो उघडलाही नाही. पत्रिकेवर “सहकुटुंब सहपरिवार” असे छापलेले असल्यामुळे एका पत्रिकेमागे दोन माणसे धरावीत की सहा, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी अशी कार्ये पार पाडली आहेत त्यांनी कृपया सांगावे, की कोणाचाही मान न दुखावता उत्तरे मिळवण्याची आणि ती नोंदवून ठेवण्याची व्यवहार्य पद्धत कोणती?

---

उत्तर: रामबागेतला हिशेबनीस

ताई, आमच्या घरातल्या कार्यांमध्ये यादीची वही बहुधा माझ्याकडे येते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की “येणार का?” हा प्रश्न विचारणे बंद करावे. या प्रश्नाला आपल्याकडे “हो” हे एकच सभ्य उत्तर आहे, आणि बोलावणाऱ्याच्या तोंडावर “नाही” म्हणणे अशुभ नसले तरी अवघड निश्चित असते. म्हणून ज्या गोष्टी पाहुण्याला स्वतःच्या सोयीसाठी ठरवाव्याच लागतात त्या विचाराव्यात. तिकीट कोणत्या दिवसाचे काढले? इंदूरलाच उतरणार की उज्जैनला? परतीचा दिवस कोणता? किती जणांची झोपण्याची सोय करू? जो येणार असतो त्याच्याकडे यांपैकी निदान एका प्रश्नाचे उत्तर तयार असते. ज्याच्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नसते, त्याने अजून ठरवलेले नाही किंवा ठरवले आहे पण सांगवत नाही, असे समजून पुढे जावे.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. याचा आपल्या कामाशी सरळ संबंध आहे. लग्नाच्या तीन-चार महिने आधी आपण कितीही आग्रहाने विचारले तरी पुण्या-ठाण्याच्या माणसाला ठोस काही सांगता येत नाही, कारण त्याच्या हातात तिकीटच नसते. उलट, आरक्षण उघडण्याच्या आठवड्यात “अवंतिका एक्सप्रेसचे आरक्षण परवापासून सुरू होत आहे, तुमचे किती जणांचे काढायचे?” असा फोन केला तर तो चौकशीचा न वाटता काळजीचा वाटतो, आणि आकडाही मिळतो. ठाणेकरांना बोरिवलीहून अवंतिका सोयीची पडते, बडोद्याची मंडळी त्याच गाडीत रात्री चढतात आणि सकाळी सगळे इंदूरला एकदमच उतरतात, त्यामुळे स्टेशनवर गाडी एकदाच पाठवावी लागते. नागपूरची वंदे भारत मात्र इंदूरला रात्री उशिरा पोहोचते; त्या पाहुण्यांचे रात्रीचे जेवण धरावे की नाही हे त्यांनाच विचारून वहीत लिहावे. “तत्काळमध्ये बघतो” म्हणणाऱ्यांचे नाव पेन्सिलीने लिहावे, कारण तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशीच उघडते आणि तोपर्यंत तुमच्या केटररचा किराणा भरून झालेला असतो.

दुसरे असे, की उत्तरे वधूच्या आईकडे येत नाहीत, ती ज्याच्या त्याच्या जवळच्या माणसाकडे जातात. पुण्याच्या चुलत सासरची कोण कोण येणार हे तुमच्या आधी त्यांच्या आत्याबाईंना ठाऊक असते. म्हणून प्रत्येक शाखेसाठी एक माणूस नेमून त्याच्याकडे तेवढीच यादी द्यावी. हा माणूस वयाने मोठाच असला पाहिजे असे नाही, पण त्याचा त्या सगळ्यांशी एरवीही फोन चालू असला पाहिजे. त्याला “सर्वांना विचारून सांगा” असे मोघम काम न देता, नावांपुढे रिकाम्या जागा असलेला कागद द्यावा आणि कागद परत मिळण्याचा वार ठरवावा. आमच्याकडे हे काम सर्वांत चोख एका विधुर काकांनी केले. त्यांना एरवी कोणी कार्यात काही काम सांगत नसे.

वही एकच असावी आणि ती एकाच्याच हातात असावी. संगणकावर केली तरी चालेल, पण चार जणांकडे चार प्रती झाल्या की हिशेब संपला. रकाने घराप्रमाणे नव्हे, तर जेवणाप्रमाणे करावेत: गुरुवारचे दुपारचे, गुरुवारचे रात्रीचे, शुक्रवारचा नाश्ता, पंगत, संध्याकाळचा समारंभ आणि शनिवारचा नाश्ता. हा शेवटचा रकाना बहुतेक घरांत विसरला जातो. महाराष्ट्रातून इंदूरला आलेला पाहुणा उज्जैनला महाकाळेश्वराचे आणि जमल्यास ओंकारेश्वराचे दर्शन घेतल्याशिवाय सहसा परतत नाही, म्हणजेच दोन रात्रींसाठी येतो म्हणणाऱ्याच्या तीन रात्री होतात आणि खोली शनिवारी सकाळी रिकामी होत नाही. हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

फॉर्मविषयी एवढेच, की ज्येष्ठांनी तो उघडला नाही यात त्यांना दोष देऊ नये. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून फोनमधील माहिती चोरण्याचे प्रकार घडू लागल्यावर २०२४ मध्ये पोलिसांनी लोकांना जाहीरपणे सावध केले होते, आणि मुलांनीच आईवडिलांना “लग्नाची कोणतीही लिंक उघडू नका” असे बजावून ठेवले आहे. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात स्वतःच्या क्रमांकावरून पाठवावी, आधी फोन करावा, आणि फॉर्म फक्त मुलीच्या मित्रमैत्रिणींसाठी ठेवावा. शिवाय व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर लक्षात असू द्या, की ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. तेव्हा उत्तर न देणाऱ्यांपैकी काहींना मुळात विचारलेलेच नसण्याची शक्यता आहे.

---

उत्तर: माळवी रसोई

नमस्कार. मी इंदुरात केटरिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

आम्हाला माणसांचा एक आकडा नको असतो, वेळेवार आकडे हवे असतात. वरच्या उत्तरात जेवणाप्रमाणे रकाने करण्यास सांगितले आहे ते म्हणूनच योग्य आहे. किराणा आणि सुकामेवा आधी भरला जातो, परंतु भाजी, दूध, दही आणि पनीर आदल्या दिवशी येते, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत आकडा थोडा खालीवर झाला तर सांभाळून घेता येते, एकदम शंभराने बदलला तर येत नाही. करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: किमान किती पानांचे पैसे द्यावेच लागतील, अंतिम आकडा कोणत्या दिवशी कळवायचा, आणि त्या आकड्यापेक्षा किती अधिक पानांची तयारी ठेवली जाईल. माझा सल्ला असा, की किमान हमीचा आकडा तुमच्या खात्रीच्या यादीइतकाच ठेवा आणि “बघू” म्हणणाऱ्यांची सोय वरच्या तयारीतून होऊ द्या. घाबरून हमीचा आकडा वाढवणारे यजमान न आलेल्या माणसांच्या ताटांचे पैसे देतात.

तुमच्या कार्यक्रमाकडे पाहून चार गोष्टी सुचतात.

शुक्रवार हा कामाचा दिवस आहे. इंदुरातल्या हिंदी भाषक कुटुंबांत लग्न म्हणजे रात्रीचे कार्य असे गृहीत धरले जाते. सकाळचा मुहूर्त पत्रिकेवर छापलेला असला तरी ती मंडळी संध्याकाळीच येतील, आणि कार्यालयातील सहकारीसुद्धा. म्हणून स्थानिकांना “येणार का” असे न विचारता “मुहूर्ताला की संध्याकाळी” असे विचारा. दोन्ही वेळा जेवणारे थोडे असतात. एकच माणूस दोन्हीकडे मोजला जाणे ही यादीतली सर्वांत महागडी चूक आहे.

जैन कुटुंबांबद्दल केवळ कांदा, लसूण आणि कंदमुळे वगळण्याची नोंद पुरेशी नाही. त्यांच्यापैकी जे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत त्यांच्यासाठी वेळेचा प्रश्न आहे. मार्गशीर्षात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि तुमचा समारंभ साहजिकच सात-साडेसातला सुरू होईल. या मंडळींना पाचच्या सुमारास वेगळी ताटे द्यावी लागतील किंवा दुपारच्या पंगतीला बोलवावे लागेल. दोन्हींपैकी काय सोयीचे आहे ते त्यांनाच विचारा. असे विचारल्याचे त्यांना वाईट वाटत नाही, उलट नंतर वर्षभर त्याचा उल्लेख होतो.

तिसरी गोष्ट गुरुवारची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत करणाऱ्या स्त्रिया दिवसभर उपवास धरून संध्याकाळी पूजेनंतर जेवतात. म्हणजे दुपारी येऊन पोहोचणाऱ्या पाहुण्यांपैकी एक मोठा भाग नेहमीचे जेवण घेणार नाही. त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी, फळे आणि दूध यांची वेगळी मोजणी करा. इंदुरात चांगल्या खिचडीची वानवा नाही, पण ऐनवेळी पन्नास जणींसाठी ती उभी करणे आम्हालाही जड जाते.

आणि चौथे, सीमांतपूजनाच्या रात्रीचे जेवण. बाहेरगावची तरुण मुले रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाणार, हे कोणी सांगो वा न सांगो, गृहीत धरा. ती एकतर घरी जेवणार नाहीत किंवा नावापुरते जेवतील. मी त्या रात्री मिष्टान्न कमी ठेवतो आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

---

उत्तर: दांडिया बाजार, बडोदे

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सगळी भिस्त शाखाप्रमुखांवर टाकली, तर काही घरांना “आम्हाला यजमानांनी स्वतः विचारले नाही” असे वाटते आणि ती घरे मग खरोखरच येत नाहीत. आमच्याकडे अजूनही जवळच्या घरी अक्षत घेऊन जाण्याची रीत आहे. त्या भेटीतच निम्मी उत्तरे मिळून जातात, कारण समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यावरून त्याच्या घरी परीक्षा आहे, बाळंतपण आहे की आजारपण आहे हे आपोआप कळते. लांबच्या ज्येष्ठांना निदान एक फोन वधूच्या आईवडिलांचा गेला पाहिजे, आणि त्या फोनमध्ये आकड्याचा विषय अजिबात काढू नये. आकडा विचारणारा फोन नंतर दुसऱ्याने करावा. आमंत्रण आणि हिशेब एकाच तोंडाने होऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

पत्रिकेवर “अमुक तारखेपर्यंत कळवावे” असे छापणे मला रुचत नाही. काही घरांत अलीकडे छापतात, आणि त्याने फारसे साधत नाही, कारण पत्रिका देव्हाऱ्याजवळ ठेवली जाते, पुन्हा वाचली जात नाही. पत्रिका तशीच राहू द्यावी आणि प्रवासाची व राहण्याची माहिती देणारा वेगळा छोटा संदेश पाठवून त्याच्या शेवटी कळवण्याची विनंती करावी.

व्हॉट्सॲप गटावर मतदान घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नका. कोणी काय निवडले ते गटातल्या सर्वांना दिसते. एका घराने “येणार नाही” वर बोट ठेवले की त्याची कारणमीमांसा इतर गटांत सुरू होते, आणि तीन दिवसांनी तो विषय तुमच्यापर्यंत वेगळ्याच रूपात येतो.

---

प्रश्नकर्त्या: वधूपक्ष, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जेवणाप्रमाणे रकाने करण्याचे काम आजच सुरू केले आहे, आणि गुरुवारच्या उपवासाची गोष्ट तर आमच्या घरातल्या एकीच्याही लक्षात आली नव्हती.

दोन शंका अजून आहेत. पहिली व्याह्यांबद्दल. वऱ्हाड किती येणार हे विचारले तर आम्ही माणसे मोजतो असा अर्थ निघेल की काय, अशी भीती यजमानांना वाटते, आणि न विचारावे तर जानवशाच्या खोल्या कशा ठरवाव्यात? दुसरी शंका अशी, की एवढे सगळे करूनही ज्यांच्याकडून काहीच उत्तर येणार नाही त्यांना मोजायचे की नाही?

---

उत्तर: वरमाय, निवृत्त

पहिल्या शंकेचे उत्तर मी देते, कारण मी मुलाची आई म्हणून या प्रश्नाच्या पलीकडच्या टोकाला बसलेली आहे.

वरपक्षाला आकडा विचारला म्हणून राग येत नाही. राग येतो तो आकडा ऐकल्यावर पलीकडे जो क्षणभर शब्द सुचत नाही, त्याचा. तेव्हा किती आकडा ऐकण्याची तुमची तयारी आहे ते आधी घरात ठरवा आणि मगच फोन करा. लग्न ठरवताना बैठकीत ढोबळ आकडा बोलला गेला असेलच. तो आठवण करून देऊ नका, कारण तसे करणे म्हणजे मर्यादा घालणे आहे.

विचारण्याचा सोपा मार्ग वाहनांमधून जातो. नाशिक आणि इंदूर दोन्ही मुंबई–आग्रा रस्त्यावर आहेत, अंतर सुमारे चारशे किलोमीटर आहे, आणि वऱ्हाड बहुधा बसनेच येईल. “बस किती आसनांची ठरवली आहे आणि किती वाजता निघणार, म्हणजे इकडे चहा-फराळाची वेळ ठरवता येईल” असे विचारले की तुम्हाला आकडाही मिळतो आणि पोहोचण्याची वेळही. वाटेत सेंधव्याजवळचा बिजासन घाट आहे. तिथे मालमोटारींची रांग लागली तर दोन तास सहज जातात, म्हणून सीमांतपूजनाची वेळ फार घट्ट धरू नका. बसशिवाय स्वतःच्या मोटारींनी येणारे किती, एवढा एक प्रश्न अवश्य जोडा. आमच्या वेळी सगळा घोळ त्याच मंडळींचा झाला होता, कारण ती बसच्या यादीत कुठेच नसतात.

खोल्यांसाठी व्याह्यांकडे आकडा न मागता त्यांच्यातल्याच एका कर्त्या माणसाचे नाव मागावे, बहुधा वराचे काका किंवा मोठे मेहुणे, आणि पुढचे सगळे बोलणे तुमच्या बाजूच्या एकाने त्यांच्याशी करावे. ज्येष्ठांपैकी कोणाला जिना चढवत नाही, कोणाला पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय लागते, तान्हे मूल कोणाबरोबर आहे, हे विचारले तर त्यातून यादी नावानिशी तयार होते आणि आपली विचारपूस झाली असे त्यांना वाटते. मानपानाच्या साड्या-टोप्यांची यादी तुम्हाला तशीही लागणारच आहे. ती मागवली की घरची माणसे किती हे वेगळे विचारावे लागत नाही.

---

उत्तर: रामबागेतला हिशेबनीस

दुसऱ्या शंकेविषयी. मौन पाळणाऱ्यांचे दोन भाग करावेत. बाहेरगावचा माणूस लग्नाला आठ दिवस राहिले तरी प्रवासाबद्दल काहीच बोलत नसेल, तर तो येत नाही असे धरून त्याची खोली दुसऱ्याला द्यावी. आलाच, तर एक गादी वाढवता येते. गावातल्या माणसाचे मात्र उलटे आहे. सुदामानगर किंवा राजेंद्रनगरातून संध्याकाळी गाडी काढून येण्यासाठी कोणी कळवत नाही, त्याला ते आवश्यकही वाटत नाही, म्हणून उत्तर नसलेल्या स्थानिक घरांमागे संध्याकाळच्या रकान्यात दोन माणसे धरावीत आणि पंगतीच्या रकान्यात एकही धरू नये. “सहकुटुंब” आमंत्रण असले तरी संध्याकाळच्या समारंभाला बहुतेक घरांतून पतिपत्नीच येतात. मुले लग्नाच्या वयाची किंवा अगदी लहान असतील तर तेवढा फरक पडतो.

केटररना अंतिम आकडा देण्याच्या दोन दिवस आधी एकदा फोनची फेरी करावी लागेलच. बडोद्याच्या गृहस्थांचे म्हणणे मला पटले, तेव्हा ती फेरी तुम्ही स्वतः करू नका, भाच्याला बसवा. त्याने फोनवर “मावशीने विचारले आहे” असे न म्हणता “स्टेशनवर गाडी पाठवायची यादी करतो आहे” किंवा स्थानिकांना “बसण्याची व्यवस्था करतो आहे” असे म्हणावे. त्याचा फॉर्म कोणी भरला नाही म्हणून तो जरा हिरमुसला असेल, पण त्यात जमलेली नावे वहीत उतरवून घेण्याचे कामही त्यालाच सांगा.